१९३४ च्या लग्ननोंदीवरून मागच्या पिढ्या कशा शोधाव्यात? (फोंडा तालुका)

अंत्रुजकर यांचा प्रश्न

नमस्कार. आमचे घराणे फोंडा तालुक्यातील बोरी गावचे असून आडनाव नाईक आहे. मुंबईला गेलेली शाखा मात्र स्वतःला बोरकर म्हणवते. कुलदैवत म्हार्दोळची म्हाळसा. घरात तोंडी सांगितली जाणारी वंशावळ पणजोबांच्या नावापाशी थांबते. त्यांच्या आधी कोण होते हे सांगणारी शेवटची व्यक्ती, म्हणजे माझी मोठी आत्या, काही वर्षांपूर्वी वारली आणि तिच्याकडून लिहून घ्यायचे राहून गेले.

आजोबांचा जन्म अंदाजे १९०८ सालचा. त्यांचे लग्न १९३४ मध्ये झाले आणि त्या लग्नाचा पोर्तुगीज भाषेतील एक दाखला आजीच्या ट्रंकेत सापडला. त्यावर आजोबांच्या वडिलांचे व आईचे नाव आहे, परंतु आईचे म्हणजे माझ्या पणजीचे नाव घरात आम्ही जे ऐकत आलो त्याहून अगदी वेगळे आहे. शिवाय दाखल्यावरची तारीख घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जाणाऱ्या लग्नतिथीच्या जवळपास महिनाभर आधीची आहे, त्यामुळे हा दाखला खरोखर आमच्याच आजोबांचा की गावातील त्याच नावाच्या दुसऱ्या कोणाचा, अशी शंका काकांनी काढली आहे.

पोर्तुगीज सरकारने १९०० आणि १९१० साली गोव्यात जनगणना केली होती असे वाचले. त्या जनगणनेच्या घरोघरीच्या याद्या कोठे पाहावयास मिळतात? त्या मिळाल्या तर पणजोबांच्या घरात त्या वेळी कोण कोण राहत होते हे एका पानावर कळेल अशी आशा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

नोंदवही यांचे उत्तर

जनगणनेचा विचार तूर्त बाजूला ठेवा, कारण तुमच्या हातात असलेला लग्नाचा दाखला त्याहून कितीतरी अधिक बोलका आहे.

आधी तारखेविषयी. पोर्तुगालमध्ये १९१० साली प्रजासत्ताक आले, त्यानंतर विवाह आणि जन्ममृत्यूची नोंद हे चर्चचे काम न राहता सरकारचे झाले आणि गोव्यात ही नागरी नोंदणी १९१४ पासून सुरू झाली. तेव्हापासून हिंदू कुटुंबात कायद्याच्या दृष्टीने लग्न होते ते नोंदणी अधिकाऱ्यासमोर ‘सह्या’ होतात तेव्हा, आणि मांडवातले लग्न त्यानंतर सोयीच्या मुहूर्तावर होते. आजही गोव्यात हेच चालते. त्यामुळे सह्यांची तारीख आणि लग्नतिथी यांत महिनाभराचे अंतर असणे यात संशयास्पद काहीच नाही. उलट दोन्ही तारखा एकच असत्या तर मी तो दाखला पुन्हा तपासून पाहिला असता.

आता पणजीच्या नावाविषयी. लग्नानंतर सुनेचे नाव बदलण्याची रीत आपल्याकडे सर्रास होती, हे तुम्हाला ठाऊक असेलच. वंशावळ शोधणाऱ्यांची सर्वांत जास्त फसगत येथेच होते, कारण एकाच बाईचे माहेरचे नाव तिच्या जन्माच्या नोंदीत असते, सासरचे नाव मुलांच्या नोंदीत असते, आणि घरात तिसरेच हाक मारायचे नाव चालत असते. मुलाच्या सह्यांच्या वेळी नाव सांगणारा जर मामा असेल तर तो बहिणीचे माहेरचेच नाव सांगून मोकळा होई. म्हणून नाव जुळत नाही एवढ्यावरून दाखला परका ठरवू नका. पणजोबांचे नाव, गाव, वाडा आणि धंदा या चार गोष्टी जुळतात का ते पाहा. त्या जुळत असतील तर दाखल्यावरचे वेगळे नाव पणजीचे माहेरचे नाव असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तसे असेल तर ती तुमच्यासाठी पर्वणीच आहे, कारण त्या नावावरून तिचे माहेर शोधता येईल.

तुमच्याकडे जो कागद आहे तो बहुधा थोडक्यातला दाखला असावा. मूळ पुस्तकातील नोंदीला ‘आसेंतु’ म्हणतात आणि तिची शब्दशः नक्कल हवी असेल तर ‘तेओर’ मागावा लागतो. नोंदणी कार्यालयातील कारकुनाला हा शब्द लगेच कळतो. विवाहाच्या आसेंतुमध्ये वर आणि वधू यांची नावे, वय, जन्मगाव, राहण्याचे ठिकाण, धंदा, दोघांच्याही आईवडिलांची नावे आणि साक्षीदार एवढे सारे येते. साक्षीदारांकडे दुर्लक्ष करू नका. ते पुष्कळदा चुलते, मामा किंवा भावोजी असतात आणि घराण्याची दुसरी शाखा त्यांच्याच नावाने हाती लागते.

पुढचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. जन्माच्या आसेंतुमध्ये बाळाच्या आईवडिलांसोबत दोन्हीकडच्या आजीआजोबांची नावेही लिहिण्याची पोर्तुगीज पद्धत होती. ‘फिल्यु लेजीतिमु’ म्हणजे औरस पुत्र, या शब्दांनंतर आईवडील येतात. ‘नेतु पातेर्नु’ या शब्दांनंतर वडिलांचे आईवडील येतात आणि पुढे ‘मातेर्नु’ म्हणून आईचे. म्हणजे १९१७ साली जन्मलेल्या मुलाच्या एका नोंदीत सुमारे १८५० च्या आसपास जन्मलेल्या माणसांची नावे मिळू शकतात. तुमच्या आजोबांचा जन्म १९०८ चा, म्हणजे नागरी नोंदणीच्या आधीचा, तेव्हा त्यांच्या नोंदीची आशा धरू नका. परंतु त्यांना १९१४ नंतर जन्मलेला एखादा धाकटा भाऊ किंवा बहीण होती का? असेल तर त्या भावंडाची जन्मनोंद काढा. आजीआजोबा दोघांचेही तेच, त्यामुळे तुमच्या खापरपणजोबांचे नाव त्या धाकट्याच्या पानावर सापडेल.

नावे वाचताना पोर्तुगीज कारकुनाचा कान लक्षात घ्यावा लागतो. आपला ‘श’ ते एक्स या अक्षराने लिहीत, ‘के’ आणि ‘की’साठी क्यू-यू वापरीत, आपल्या ‘अ’च्या जागी अनेकदा ओ येतो आणि शेवटचा एम पुष्कळदा केवळ अनुनासिक असतो. त्यामुळे शंकर, प्रभू, केणी, कामत ही नावे प्रथमदर्शनी ओळखू येत नाहीत. तुमचे ‘नाईक’ही शेवटी क्यू-यू-ई लावून लिहिलेले असेल. अनुक्रमणिका वर्णानुक्रमे असली तरी ती आडनावाने नव्हे तर पहिल्या नावाने लावलेली असू शकते, हे ध्यानात ठेवून दोन्हीकडे पाहा.

शिरगणती यांचे उत्तर

जनगणनेविषयी विचारले आहे म्हणून लिहितो. गोव्यात पोर्तुगीज राजवटीत १८८१, १९००, १९१०, १९२१, १९३१, १९४०, १९५० आणि १९६० साली जनगणना झाल्या. छापून प्रसिद्ध झाले ते त्यांचे तक्ते: तालुकावार लोकसंख्या, धर्म, स्त्रीपुरुष, साक्षरता वगैरे. त्यांत माणसांची नावे नसतात. इंग्लंड किंवा अमेरिकेत ठरावीक वर्षांनी जनगणनेची घरोघरीची पाने लोकांना खुली होतात आणि तिकडचे लोक त्यावरून वंशावळी लावतात. ते वाचून आपल्याकडेही तसेच असेल असा अनेकांचा समज होतो. भारतात १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार व्यक्तिगत माहितीची पाने कोणालाही पाहता येत नाहीत, न्यायालयातही ती पुरावा म्हणून चालत नाहीत. त्यामुळे मुक्तीनंतरच्या जनगणनांचाही या कामी उपयोग नाही.

तरीही ते तक्ते अगदीच टाकाऊ नाहीत. गोव्याची लोकसंख्या १९१० मध्ये ४,८६,७५२ होती आणि १९२१ मध्ये ती ४,६९,४९४ वर आली, म्हणजे वाढण्याऐवजी सतरा हजारांहून अधिक घटली. १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ आणि मुंबईकडे गेलेली माणसे ही त्यामागची मोठी कारणे. याचा तुमच्या शोधाशी संबंध असा की, एखाद्या घरातील दोन-तीन माणसे एकदम कागदांतून नाहीशी होत असतील तर १९१८ आणि १९१९ ची मृत्यूची पुस्तके आधी चाळावीत. मृत्यूच्या नोंदीतही मृताच्या आईवडिलांची नावे आणि पतीचे वा पत्नीचे नाव असते. १९१८ मध्ये सत्तरीत वारलेल्या वृद्धाच्या नोंदीवरून आपण थेट एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या नावांपर्यंत पोहोचतो. मात्र अशा नोंदीतील वय आणि आईवडिलांची नावे शेजारी किंवा पुतण्या सांगत असे, म्हणून ती जन्माच्या नोंदीइतकी भरवशाची मानू नयेत.

अंत्रुजकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आजोबांना एक धाकटा भाऊ होता, तो मुंबईला गेला आणि त्याच्याच मुलांनी बोरकर हे नाव लावले. मुंबईच्या चुलत्यांशी बोललो असता त्याचा जन्म १९१६ किंवा १९१७ चा असल्याचे कळले. परंतु फोंड्याच्या पुस्तकांत त्या दोन वर्षांत बोरीच्या नाईकांची अशी एकही नोंद मिळाली नाही. नोंद केलीच नसेल काय?

मोडीवाचक यांचे उत्तर

नोंद केलीच नसेल असे धरून चालण्याआधी पणजीच्या माहेरचा तालुका पाहा. बाळंतपण माहेरी होत असे आणि नोंद जन्म झाला त्या ठिकाणी होत असे. म्हणून नोंदवही यांनी वर सांगितलेले पणजीचे माहेरचे नाव येथे कामी येते. तिच्या माहेरचा गाव तुम्हाला ठाऊक नसला तरी तिच्या भावांची, म्हणजे आजोबांच्या मामांची, नावे घरात कोणाला तरी आठवत असतील. श्राद्धाच्या वेळी मातुल घराण्याचा उच्चार होतो. तुमच्या कुळाच्या भटजींकडे पितृत्रयी आणि मातामहत्रयी, म्हणजे वडिलांकडच्या आणि आईच्या वडिलांकडच्या तीन-तीन पिढ्या, लिहिलेली वही असते, ती अवश्य मागा. जुन्या भटजींची मुले आता नोकरीत असली तरी वडिलांच्या वह्या सहसा टाकलेल्या नसतात.

१९१४ च्या आधी हिंदू घराण्यांसाठी नागरी पुस्तके नाहीत, तेव्हा त्यापलीकडे जाण्याचे मार्ग निराळे आहेत. पहिला मार्ग देवस्थानचा. म्हाळसेचे महाजन, म्हणजे देवस्थानात वंशपरंपरेने हक्क असलेले घराणे, म्हणून तुमच्या घराण्याची नोंद असेल तर देवळाच्या महाजनांच्या पुस्तकात पूर्वजांची नावे असावीत. देवस्थानांच्या कारभारासाठी पोर्तुगीज सरकारने १८८६ साली आणि नंतर पुन्हा १९३३ साली नियम केले आणि त्यामुळे महाजनांच्या याद्या रीतसर लिहिल्या गेल्या. वडिलांच्या जागी मुलाचे नाव चढवताना नाते लिहिले जाते, म्हणून या याद्या वंशावळीसाठी फार उपयुक्त ठरतात. त्यांत स्त्रियांची नावे जवळजवळ नसतात, हा त्यांचा मोठा दोष. ज्या घराण्यांचा संबंध पर्तगाळी किंवा कवळे मठाशी आहे त्यांच्या वंतिगेची, म्हणजे मठाला द्यायच्या वर्गणीची, नोंद मठाकडे असते, तीही विचारून पाहावी.

दुसरा मार्ग क्षेत्रोपाध्यांचा. काशी, त्र्यंबकेश्वर, गोकर्ण अशा ठिकाणी गेलेल्या यात्रेकरूंची नावे तेथील उपाध्यायांच्या वह्यांत गाव आणि आडनावानुसार लिहिलेली असतात, आणि पुष्कळदा यात्रेकरूने स्वतःच्या हातानेच वडील, आजोबा, भाऊ, मुले यांची नावे लिहून खाली सही केलेली असते. बोरीचे नाईक म्हणून विचारण्याऐवजी म्हाळसा कुलदैवत आणि गोत्र सांगून विचारल्यास उपाध्याय लवकर वही काढतात.

आता एक सावधगिरी. फोंडा महाल, म्हणजे आपले अंत्रुज, पोर्तुगीजांच्या ताब्यात १७६३ साली आले. त्याआधी तेथे सौंधेकर राजांचा अंमल होता. त्यामुळे जुने व्यवहार मोडी लिपीत आणि मराठी भाषेत सापडण्याची शक्यता आहे. मोडीतली नावे वाचताना गंमत अशी होते की, शिरोरेघ आधीच ओढून ठेवलेली असते आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, त्यामुळे एकसारख्या दिसणाऱ्या नावांत नवख्याचा गोंधळ उडतो. पणजीच्या पुढे जाण्यापूर्वी मोडीची महिनाभर तालीम घ्या, नाहीतर भलत्याच रामाचे आपण वंशज होऊन बसतो.

वेर्णेंकार यांचे उत्तर

म्हाळसेचा उल्लेख आला म्हणून थोडे लिहिण्याचे धाडस करतो. मी सासष्टीतील कॅथलिक आहे आणि माझ्या घराण्याचा शोध चर्चच्या पुस्तकांतून घेतला आहे. म्हाळसा मूळची आमच्या वेर्ण्याची. सासष्टी आणि बार्देश पोर्तुगीजांकडे १५४३ साली गेले आणि १५६० च्या दशकात देवळे मोडली जाऊ लागली तेव्हा देवी नदीपलीकडे म्हार्दोळला नेली गेली. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला तो याच काळात. काही घराणी देवासोबत गेली, काही मागे राहून ख्रिस्ती झाली. त्यामुळे अंत्रुजातील हिंदू महाजन आणि सासष्टीतील ख्रिस्ती गावकर एकाच वांगडाचे, म्हणजे एकाच मूळ कुळाचे, असल्याचे दोन्हीकडे मानले जाते आणि म्हार्दोळच्या जत्रेला वेर्ण्याचे काही लोक आजही जातात.

परंतु हे मानणे आणि कागदावर सिद्ध करणे यांत मोठे अंतर आहे. धर्मांतरानंतर आडनाव बाप्तिस्म्याच्या वेळचे, पुष्कळदा धर्मपित्याचे, लागत असे, आणि आधीचे नाव नोंदीत राहीलच असे नाही. बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांची चर्चची पुस्तके फार जुनी असली तरी ती गावागणिक कमीअधिक टिकली आहेत, आणि काही पाने वाळवीने व दमटपणाने गेली आहेत. अनेक चर्चच्या पुस्तकांची चित्रे फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर पाहता येतात. वाचताना तारखांच्या संक्षेपांची काळजी घ्या: जुन्या नोंदीत सातचा आकडा आणि पुढे ‘ब्रो’ असे लिहिलेले दिसते तो जुलै नव्हे, सप्टेंबर, तसेच आठ म्हणजे ऑक्टोबर, नऊ म्हणजे नोव्हेंबर आणि दहा म्हणजे डिसेंबर. या एका गोष्टीमुळे आमच्या नात्यातील एका शाखेत लग्नाआधीच मूल जन्मल्याचा बोभाटा बराच काळ चालला होता.

तुमच्या बाबतीत सोळाव्या शतकापर्यंत उडी मारण्याचा मोह होईल, कारण देवीच्या स्थलांतराची कथा सुंदर आहे. पण १८५० आणि १५६० यांच्यामध्ये सुमारे दहा पिढ्या आहेत आणि त्यांतील प्रत्येकीसाठी बाप-मुलाचे नाते दाखवणारा कागद हवा. तो नसेल तेथे रेघ तुटक काढावी.

नोंदवही

मोडीवाचक यांचे माहेराविषयीचे म्हणणे अगदी बरोबर आहे. त्याला दोन गोष्टींची जोड देतो.

आजोबा वारले तेव्हा, किंवा पणजोबा वारले तेव्हा, मागे मालमत्ता आणि अज्ञान (अल्पवयीन) मुले असतील तर न्यायालयात ‘इन्व्हेंतारियु’ झाला असण्याची शक्यता आहे. पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू होती आणि तिच्यानुसार मृताच्या मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी करण्याची ही रीत अजून सुरू आहे. तिच्या कागदांत ‘काबेस द काझाल’ म्हणजे कुटुंबप्रमुख शपथेवर सांगतो की मृत कधी व कोठे वारला, त्याची पत्नी कोण, मुले किती, त्यांची वये काय, लग्न झालेल्या मुलींची नवऱ्यांसह नावे काय. शोधणाऱ्याला याहून चांगला कागद मिळत नाही, कारण त्यात मुली आणि जावई दोन्ही येतात आणि खोटे सांगितल्यास वाटा जाण्याची भीती असते. मोठी शेती-भाटे नसलेल्या घरातही क्वचित एका घरासाठी असा दावा झालेला आढळतो.

दुसरे म्हणजे, पोर्तुगीज गॅझेट. ‘बुलेतिं’ १८३७ पासून निघत होते आणि त्यात वारसाहक्काच्या जाहीर सूचना येत असत. पणजी शहरातील कृष्णदास शामा राज्य ग्रंथालयात त्याचे जुने अंक आहेत. त्यांत नावानुसार शोधणे कष्टाचे आहे, म्हणून मृत्यूचे वर्ष निश्चित झाल्यावरच त्या अंकांकडे वळा.

जुनी नोंदपुस्तके पुराभिलेख खात्याकडे गेली असतील किंवा तालुक्याच्या नोंदणी कार्यालयात असतील. आधी तालुक्याला विचारा आणि पुस्तक क्रमांक मागून घ्या. तेओर मागताना केवळ मजकुराचा नव्हे तर समासासह पूर्ण पानाचा आग्रह धरा. जन्माच्या नोंदीच्या समासात नंतर झालेले लग्न, मृत्यू किंवा नावातील दुरुस्ती यांची टिपणे लिहिली जातात, त्यांना ‘आव्हेर्बामेंतु’ म्हणतात. तुमच्या धाकट्या आजोबांनी बोरकर हे आडनाव रीतसर बदलून घेतले असेल तर ते त्यांच्या १९१६–१७ च्या पानाच्या कडेलाच असेल, आणि नसेल तर मुंबईच्या शाखेने ते आपल्या मनाने लावले असे समजा. त्या परिस्थितीत मुंबईतील त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव कोणते आहे ते चुलत्यांना विचारा.

अंत्रुजकर

पणजीच्या भावांची नावे आमच्या भटजींच्या वहीत मिळाली. ते सांगे तालुक्यातले निघाले. उद्या तेथील नोंदणी कार्यालयात १९१५ ते १९१८ ची जन्मपुस्तके मागणार आहे. इन्व्हेंतारियुविषयी काकांना विचारले, तर बोरीतील घराच्या वाटणीवरून पणजोबांच्या पुतण्यांशी वाद झाला होता असे त्यांनी सांगितले, म्हणजे न्यायालयात काही कागद असावेत. म्हार्दोळच्या महाजनांच्या पुस्तकाबाबत देवस्थान समितीला पत्र दिले आहे.

मोडीवाचक

सांग्याला जाणार असाल तर मामांच्या घराण्याच्या नोंदीही त्याच खेपेत पाहून घ्या. त्यांच्यापैकी कोणी १९१४ नंतर वारले असतील तर त्या मृत्यूच्या पानावर तुमच्या पणजीच्या आईवडिलांची नावे असतील, आणि तिची स्वतःची जन्मनोंद कोठेही नसल्यामुळे तो कागद तुमच्या फार उपयोगी पडेल. आणि पणजीचे नाव त्या पानांवर माहेरचे लिहिले आहे की सासरचे, हे प्रत्येक वेळी कंसात टिपून ठेवा.